माझ्या हातची चतुःसीमा

भुईगावच्या आमच्या घरात घड्याळ नव्हतं, रहाट होता. उजाडायच्या सुमारास धर्मा रेड्याच्या डोळ्यांवर झापड बांधायचा आणि विहिरीवरचं लाकडी चाक पहिल्या फेऱ्याला असं कण्हायचं, की नव्या पाहुण्याने घाबरून विचारावं, "आत कोणी आजारी आहे का?" मग गाडगी एकामागून एक पन्हळीत रिकामी व्हायला लागायची आणि तो आवाज दुपारपर्यंत थांबायचा नाही. त्या आवाजावर आई चूल पेटवायची, ताई आंगणात सडा टाकायची, आणि सातवीची फायनल पास होऊन घरी बसलेली मी उगाच थोडा वेळ पडून राहायची. न्याहारीला तांदळाची भाकरी, चुलीत भाजलेल्या सुकटीची चटणी, आणि थंडीच्या दिवसांत सुकेळी. राजेळी केळी सोलून बाबा स्वतः उन्हात वाळवायचे, कावळे हाकलत दिवसभर शेजारी बसायचे, आणि मधाच्या रंगाची झाली की केळीच्या सुक्या पानात एकेक घट्ट बांधायचे. बाबा कमी बोलत. त्यांना दमा होता. श्वास मोजका मिळतो म्हणून माणूस शब्दही मोजके वापरतो, असं मला लहानपणी वाटायचं.

जागेचा नकाशा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चाळीस वर्षं वसईत जागांची दलाली केली, त्याची ही सवय. आमची वाडी लांबट. पूर्वेला गावरस्ता, पश्चिमेला समुद्राची रेती. आजोबा गेल्यावर दोघा भावांनी ती आडवी वाटून घेतली. रस्त्याकडचा पुढचा भाग मोठ्या काकांचा. त्यात त्यांचं घर आणि त्यांचा पानमळा. मागचा भाग बाबांचा. त्यात आमचं घर, विहीर, केळी, आणि अगदी टोकाला, समुद्राच्या अंगाला, आजोबांनी लावलेली नारळाची रांग. आमच्याकडे यायचं तर काकांच्या हद्दीच्या कडेने, बैलगाडी जाईल एवढ्या वाटेने यावं लागे. आणि काकांच्या पानमळ्याला पाणी जायचं ते आमच्या विहिरीवरून, पाटाने. वाट त्यांच्याकडे, पाणी आमच्याकडे. लिहिलेलं काहीच नव्हतं. 'वाट सगळ्यांची, पाणी सगळ्यांचं,' असं आजोबा म्हणाले होते आणि दोघांनी माना डोलावल्या होत्या. आजही कोणी गिऱ्हाईक माझ्यासमोर बसून "आमचं तोंडी ठरलंय" असं म्हणालं, की मी चष्मा काढून ठेवते आणि त्याला कागद घेऊन यायला घरी पाठवते.

मोठे काका देखणे होते. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा फाया, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण लहान झाल्यासारखं वाटावं. त्यांचा पानमळा म्हणजे आमच्या आळीचं भूषण होतं. उन्हाळ्यातही आत शिरलं की अंगावर गारवा यायचा. शेवरीच्या आधारांवर चढलेल्या वेली, खाली ओली काळी माती, आणि अंगठ्यात लोखंडी नखी घालून पानं खुडणाऱ्या बायका. त्यांच्या नखांची 'टिक टिक' आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. काकूंना मूल नव्हतं. माझे केस त्यांनी विंचरायचे, माझ्यासाठी गुळाचं घावन त्यांनी ठेवायचं, मला ताप आला तर आईच्या आधी त्यांनी धावत यायचं. मी दोन घरांत वाढले असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच पुढे जे झालं ते मी साठ-सत्तर वर्षं विसरू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर विसरायचा प्रयत्नही केला नाही.

आमच्या उत्तरेला पास्कूकाकांची वाडी, गावरस्त्यापासून थेट रेतीपर्यंत गेलेली. मधे शेराच्या झुडपांचं कुंपण, त्याला जाण्यायेण्यापुरतं भगदाड. त्यांच्या आंगणात दगडी क्रूस होता; त्यांची बायको मोनिकाबाय रोज संध्याकाळी तिथे पणती लावायची तेव्हाच आई इकडे तुळशीपाशी लावायची. आमच्या घरातली बोली वेगळी, त्यांच्या घरातली वेगळी, दोन्ही इथे लिहिल्या तर बाहेरच्या वाचकाला अर्ध्याही कळणार नाहीत. म्हणून या दोन्ही घरांतल्या सगळ्यांच्या तोंडी मी पुस्तकातली भाषा घातली आहे. नाताळात त्यांच्याकडून फराळ यायचा, गौरीला आमच्याकडून जायचा. गोखिवऱ्याला फ्लॅट बघायला येणाऱ्या बायका आता मला आधी विचारतात, "शेजारी कोण आहेत?" मी सांगते, नाव विचारू नका, तुमच्यासाठी काय कापायला तयार होतील ते विचारा. त्या हसतात. मी गमतीने म्हणते असं त्यांना वाटतं.

ताईचं लग्न आगाशीच्या मुलाशी ठरलं त्याच सुमारास आमच्या वाडीत मी आयुष्यातला पहिला दलाल पाहिला. काळी टोपी, बगलेत छत्री, पायात करकरणारे जोडे. लोक वाडीत आले की झाडांकडे बघतात. हा माणूस दोन झाडांच्या मधे बघत होता. मुंबईच्या कोणा शेटला समुद्राकाठी हवापालटासाठी बंगला बांधायचा होता आणि दलालाला आमची नारळाची रांग आवडली होती. त्याला काकांनीच आणलं होतं. काकांचं म्हणणं, रांग बाबांनी काकांच्या नावावर करून द्यावी, पुढचं ते बघतील. बाबा म्हणाले, "नाही, दादा." काकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, चौथ्या दिवशी विचारलं. बाबा प्रत्येक वेळी तेच दोन शब्द म्हणाले, आणि दुसऱ्या शब्दाला त्यांचा आवाज आणखी हळू होत गेला.

लग्नाला चार दिवस असताना सकाळी वाटेवर ठोकाठोक ऐकू आली. काकांचे दोन गडी बांबू पुरत होते. दुपारपर्यंत त्यांनी वाटेच्या आमच्याकडच्या तोंडावर आडवं कुंपण घातलं आणि त्यावर निवडुंग टाकला. बाबा बघत उभे राहिले. ते भांडायला गेले असते तर बाकी सगळं मी त्यांना जन्मभर माफ केलं असतं. पण ते आत येऊन भिंतीला टेकून बसले आणि श्वास शोधू लागले. शेवटी आईच उठली. कुंकवाचा करंडा आणि अक्षत असलेलं ताट माझ्या हातात दिलं, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "चल. लग्नाचं बोलावणं तर केलंच पाहिजे." पास्कूकाकांच्या आंगणातून वळसा घालून आम्ही रस्त्याने काकांच्या घरी गेलो. काका झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी पाय खाली घेतले नाहीत. आईला "बस" म्हटलं नाही. आई उंबऱ्याशी उभी राहिली.

"भाऊजी, लग्नाला या," ती म्हणाली. "आणि चार दिवसांपुरतं कुंपण काढा. नंतर हवं तर परत घाला. मी पदर पसरते."

काकांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "नारळाची रांग दे म्हणावं त्याला. नाहीतर व्याह्यांना कळव, वरात घेऊन आभाळातून उतरा."

ओटीवर पानं रचत बसलेल्या दोन बायका हसल्या. धन्याने विनोद केला की हसायचं असतं म्हणून हसल्या असतील, पण हसल्या. आतल्या दारात काकू उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे पाहिलं, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. आईने वाकून उंबऱ्यावर अक्षत ठेवली. परत येताना ती रडली नाही. पास्कूकाकांच्या केळीत पोचल्यावर फक्त एवढं म्हणाली, "घरी सांगू नकोस त्यांना." मी सांगितलं नाही. पण अडकित्त्याचा तो आवाज, त्या दोघींचं हसणं, आणि काकूंचा तांब्या हे सगळं मी तिथेच उभ्या उभ्या नीट घडी घालून ठेवलं.

संध्याकाळी पास्कूकाका कोयता घेऊन आले. उंच, वाकलेले, डोक्याला फडकं. बाबांना म्हणाले, "वरातीची गाडी केवढी रुंद असते?" बाबांनी हाताने दाखवलं. पास्कूकाका आपल्या वाडीत गेले आणि आमच्या हद्दीपर्यंतची घडावर आलेली केळीची अख्खी ओळ, अकरा झाडं, त्यांनी आडवी केली. बाबा धावत गेले. "पास्कू, अरे, घड लागलेत!" पास्कूकाका घाम पुसत म्हणाले, "लग्नघरात केळी लागतातच की. मांडवाला लाव." शेराचं कुंपणही त्यांनी तोडलं. लग्नाच्या दिवशी बँड त्यांच्या आंगणातून आला. मोनिकाबायने क्रुसाला शेवंतीचा हार घातला होता, आणि वाजंत्रीवाल्यांनी तिथे दोन मिनिटं थांबून जरा हळू वाजवलं. लग्न पार पडलं. मातीच्या हंडीत शिजवलेल्या उकडहंडीची चव पाहुणे वाखाणत होते. पण ताईच्या सासूने गाडीत बसताना विहिणीला ऐकू जाईल असं म्हटलंच, "आमची सून आली ती लोकांच्या परसातून." पुढे कालवणात मीठ कमी पडलं तरी ताईला ते वाक्य ऐकावं लागायचं. सासू मरेपर्यंत. ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. मी हसले नाही.

चैत्र संपता संपता बाबांचा दमा फार वाढला. त्यांना मुंबईच्या इस्पितळात ठेवावं लागलं आणि आई त्यांच्यासोबत गेली. मी मोनिकाबायकडे झोपायची आणि दिवसभर आमच्या वाडीत असायची. रहाट धर्मा हाकायचा. धर्मा कामणकडचा, माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे होता. त्याची मुलगी पारू काकांच्या मळ्यात पानं खुडायची. आईबाबा मुंबईला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पाटाशी गेले. काकांच्या हद्दीआधी दोन हात, आमच्या जागेत, मी केळीच्या बुंध्याचे सोललेले सोप आडवे टाकले, वर चिखल थापला आणि पायाने दाबून बसवला. पाणी क्षणभर घोटाळलं, फुगलं, आणि आमच्या केळीकडे वळलं. इतकं सोपं होतं ते. कुंपण घालायला काकांना दोन गडी आणि अर्धा दिवस लागला होता.

धर्माने रेडा थांबवला. "पोरी, ह्ये काय करतेस?"

"वाट बंद, पाणी बंद."

"पानी नाय आडवू. येलींनी काय केलाय तुझा?"

"माझ्या आईने काय केलं होतं?"

 रेड्याच्या पाठीवर थाप मारून धर्माने चाक परत सुरू केलं. मालकाची मुलगी होते ना मी. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

पानवेल ही नाजूक जात. उन्हाळ्यात तिला रोज पाणी हवं. दुसऱ्या दिवशी काकांचा गडी विचारायला आला. "बाबा आले की त्यांना विचारा," असं सांगून मी त्याला परत पाठवलं. काका बांध तोडायला येऊ शकले असते. पण त्या आठवड्यात पास्कूकाकांना सकाळपासून अंधार पडेपर्यंत आमच्या हद्दीलगतच काम निघालं होतं, आणि कोयता त्यांच्या हातात असायचा. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी पानं कडेने पिवळी पडली. पाचव्या दिवशी नखांची टिकटिक थांबली. मी आमच्या ओटीवरून ऐकत होते, आणि मला बरं वाटत होतं. या पुस्तकाचा कच्चा खर्डा वाचणाऱ्या माझ्या नातीने या ओळीशी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आहे. ते असू दे. मला बरं वाटत होतं.

सहाव्या दिवशी भर उन्हात काकू आल्या. पास्कूकाकांच्या आंगणातून, लांबच्या वळशाने, घामाने चेहरा डबडबलेला. ओटीवर टेकल्या. मी पाणी दिलं. त्यांनी प्यायलं नाही.

"सुमे, मळा चालला," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी सोड."

"तुम्ही दारात होतात," मी म्हणाले. "आई उभी होती, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"मी बोलले असते तर त्यांनी मला आत जिवंत ठेवलं असतं का? तुला काय माहीत त्या घरातलं?"

"मग त्यांना पाठवा. त्यांनी इथे येऊन उभं राहावं."

काकूंनी माझ्या केसांकडे हात नेला. सवयीने नेला असेल. मी मान मागे घेतली. त्या उठल्या आणि आल्या वाटेने परत गेल्या. आयुष्यात मी ज्या गोष्टी परत करणार नाही त्यांत ही एक आहे. पाणी मी परत बंद करीन. पण मान मागे घेणार नाही.

नवव्या दिवशी काका आले. तेही त्याच वळशाने, कारण स्वतःचं कुंपण काढायला त्यांचा हात होत नव्हता. पास्कूकाकांनी त्यांना आपल्या आंगणातून जाऊ दिलं, पण काम थांबवून ते बघत राहिले. काकांच्या धोतराला चिखल लागला होता. मी ओटीवर केळीच्या सोपाचे दोर काढत बसले होते. मी उठले नाही, "बसा" म्हटलं नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, आणि ज्यांच्यासमोर आळीतले बाप्ये बिडी विझवत ते मोठे काका आंगणात उन्हात उभे. त्यांनी घसा खाकरला.

"पाणी सोड."

मी हातातला दोर पूर्ण काढला. "मळ्याला पाणी हवं असेल तर आभाळातून घ्या, काका," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मी डोळे भरून पाहिला. पास्कूकाकांच्या वाडीत कोणीतरी हसलं. काका वळले, आणि त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या गड्यांनी कुंपण उपटलं. मीही बांध फोडला. पण वेली तोवर गेल्या होत्या. पाणी आत शिरलं ते नुसत्या काड्यांच्या मुळांशी. मळ्यातल्या सहा बायकांचं काम सुटलं, त्यांत पारू होती. दोन दिवसांनी धर्माने झापड आणि चाबूक ओटीवर आणून ठेवला. "मी आता रहाट नाय हाकनार," एवढंच म्हणाला आणि पारूला घेऊन कामणला गेला. मी त्याला थांबवलं नाही. थांबवायला तोंड नव्हतं. काकांना मारायला उगारलेला हात सगळ्यात आधी पारूला लागला, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचाही राग मी काकांच्याच नावावर टाकला.

बाबा परत आले तेव्हा आळीने त्यांना रस्त्यावरच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते काही बोलणार नाहीत, पण मनातून सुखावतील. ते घरात न शिरता मळ्यात गेले. काळ्या पडलेल्या वेलींमधे काका उभे होते. बाबांनी एक वेल हातात घेतली, ती मोडली. मग घरी येऊन माझ्यासमोर उभे राहिले. "तू माझ्या भावाचा मळा मारलास," ते म्हणाले. 'माझ्या भावाचा'! ज्या भावाने त्यांच्या लेकीची वरात अडवली त्याचा. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "त्या उंबऱ्यात उभी राहिले ते मी गिळलं होतं. तू ते गावाला वाटलंस." मी त्या दोघांसाठी केलं होतं, आणि दोघंही माझ्या विरुद्ध गेले. मग दोघे भाऊ रोज संध्याकाळी एका ओटीवर बसू लागले, पूर्वीसारखे. एवढ्या मोठ्या भांडणाला शेवटी एकच दोषी ठरला, आणि ती मी. पुढे धंद्यात मी अनेक भावांचे समेट पाहिले. प्रत्येक वेळी मी शोधते, दोष कुणाच्या पदरात टाकलाय? कोणीतरी असतोच. बहुतेक वेळा ती बहीण असते.

आळीतले तीन वडीलधारे आमच्या आंगणात बसले. बाबा आपणहून म्हणाले, मळ्याची भरपाई म्हणून नारळाची रांग दादाला देतो. काका खाली बघत होते, पण मी त्यांच्या मिशीखालचं हसू पाहिलं. वाट अडवून जे मिळालं नव्हतं ते माझ्या सूडाने त्यांना घरपोच आणून दिलं होतं. त्या क्षणी मला कोणी हात लावला असता तर भाजला असता. तेवढ्यात एक वडीलधारे म्हणाले, "या वेळी सगळं लिहून काढा. बाहेरचं माणूस नको, घरातली गोष्ट घरात राहू दे. पोरीचं अक्षर चांगलं आहे, तिनेच लिहावं." काकांनीही मान डोलावली. रांग आपल्या हाती आली हे दलालाला त्यांना इतक्यात कळू द्यायचं नव्हतं. मला शिक्षाच म्हणून ते काम दिलं होतं: तू बिघडवलंस, आता तूच लिही.

स्टॅम्पपेपर लाकडी पाटावर ठेवून मी लिहायला बसले. पहिलं कलम: पुढच्या हद्दीतून मागच्या घराला नऊ हात रुंद वाट, गाडीला, वरातीला आणि प्रेतालाही, कायमची. दुसरं कलम: मागच्या विहिरीवरून पुढच्या हद्दीला पाणी, तेही कायमचं. तिसरं कलम नारळाच्या रांगेचं. जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते कागदावर लिहायचं असतं, त्याला चतुःसीमा म्हणतात. मी लिहिलं: पूर्वेस देणाऱ्याची वाडी, पश्चिमेस समुद्राची रेती, उत्तरेस शेजाऱ्याची वाडी, दक्षिणेस खाऱ्या पाण्याचं खाजण. तिथे पूर्णविराम दिला. त्या रांगेपर्यंत जायचं कुठून, हे मी लिहिलं नाही. मग उभं राहून सगळा कागद मोठ्याने वाचला. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. काकांचं लक्ष 'नारळाची रांग' या शब्दांवरच होतं. त्यांनी लगेच सही केली.

बाबांनी कागद मागून घेतला. ते वाचताना ओठ हलवायचे. एकदा वाचून झालं, त्यांनी परत वरून सुरुवात केली. तिसऱ्या कलमाच्या शेवटी त्यांचं बोट थांबलं, त्या पूर्णविरामावर. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही.  बाबांना धाप लागली असावी असंच बाकीच्यांना वाटलं. "शाई आण," ते म्हणाले, आणि सही केली.

थंडी पडल्यावर दलाल शेटला घेऊन आला. शेट गुबगुबीत होते, त्यांना समुद्राचा वारा फार आवडला. आमच्या ओटीवर बसून दलालाने कागद वाचला आणि टोपी मागे सारली. "आणि याला वाट?"

"वाट आहे की," काका म्हणाले. "हीच, या आंगणातून."

दलालाने बाबांकडे पाहिलं. बाबा सुकेळी बांधत होते. हातातली गाठ त्यांनी पक्की केली. "दादा," ते हळूच म्हणाले, "आंगण माझं आहे."

त्या वेळी त्यांना धाप लागली नव्हती. शेट दलालाला घेऊन उठले. पास्कूकाकांनाही विचारून झालं; त्यांनी पाडलेल्या ओळीच्या जागी नवी केळी लावली होती आणि पुन्हा कापायचा त्यांचा विचार नव्हता. जाता जाता दलालाने कागद काकांना न देता माझ्या हातात दिला. "अक्षर तुझं?" मी हो म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं ते झाडांच्या मधे बघायचा तसं. आज मला माहीत आहे, काका कोर्टात गेले असते तर त्यांना वाट मिळाली असती. अशा अडकलेल्या जमिनीला वाट द्यावीच लागते. पण तिथे आधी त्यांना निवडुंगाच्या कुंपणाबद्दल उत्तर द्यावं लागलं असतं. ते गेले नाहीत.

काकू परत कधी आमच्या आंगणात आल्या नाहीत. काका मात्र येत. नारळ काढायचे असले की पाडेल्याला घेऊन त्यांना आमच्या आंगणातूनच जावं लागे. दर वेळी ते कडेला उभे राहून विचारत, "येऊ का?" बाबा घरी असले की लगेच हाक मारत, "ये, दादा, ये." बाबा घरी नसले तर ओटीवर मी असायची, सुपात तांदूळ निवडत. माझं लग्न होऊन मी वसईला जाईपर्यंत असं किती वेळा झालं, मोजलं नाही. "येऊ का?" काका विचारायचे. मी सुपातले उरलेले तांदूळ निवडून संपवायची, खडे बाहेर टाकायची, सूप झटकायची, आणि मग म्हणायची, "या."